उजवी पाकळी

आईला जुना देव हवा होता. कालपरवा टाइल्स लावून उभं केलेलं देऊळ चालणार नव्हतं. "नव्या देवाला काय विचारायचं गो? त्यालाच अजून काय ठाऊक नाय," असं ती म्हणाली, आणि हसावं की डोकं आपटून घ्यावं ते मला कळेना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नवरा-बायको नालासोपारा पूर्वेला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आई रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून पोट दुखतं म्हणून आली होती. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "वेळ काढू नका. आठ-दहा दिवसांत काढून टाकू. उशीर केलात तर मी काही सांगू शकणार नाही." बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, मला ना भाऊ ना बहीण. माहेर म्हणून माझ्याकडे उरलं होतं ते एवढंच, पाच फुटांचं आणि भयंकर हट्टी.

आणि ही बाई ऑपरेशनला तयार नाही! "कौल मिळाल्याशिवाय मी सुरी लावून घ्यायची नाय." एवढंच पालुपद. आमच्या गावात लग्न असो, विहीर असो, देवाला कौल लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार, आणि त्यावर अपील नाही. माझी मावशी कौल न लावता अशीच ऑपरेशनला गेली होती, ती परत आली नाही. आईच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. मी समजावलं, ओरडले, रडले, एक दिवस जेवलेसुद्धा नाही. ढिम्म! गावाला न्यावं तर एसटीचे धक्के नकोत असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटी तिनेच तोड काढली. "हितं एखादं जुनं देऊळ नाय काय?"

मी ऑफिसात रजा टाकली आणि एक रिक्षा दिवसभरासाठी ठरवली. लोक जुनी देवळं बघायला कॅमेरा गळ्यात अडकवून निघतात. आम्ही निघालो ते पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक्स-रेचं पाकीट घेऊन. रिक्षा खड्ड्यात गेली की आई डोळे मिटायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

आधी सोपाऱ्याला गेलो. तळ्याकाठच्या देवळाच्या आवारात कोरीव दगड आणि जुन्या मूर्ती ठेवलेल्या होत्या. इथे एके काळी मोठं बंदर होतं, जहाजं लागायची, असं मी आईला माहीतगारासारखं सांगत होते. खरं तर मी तिथे सात वर्षं राहत होते आणि त्या तळ्यापाशी पहिल्यांदाच आले होते. आई एका मूर्तीसमोर उभी राहिली. नाक झिजून सपाट झालेलं, एक हात कोपरापासून गेलेला. तिने त्या तुटक्या हातावरून बोटं फिरवली.

"किती वर्षांचा असेल गो?"

"हजारेक तरी. असं म्हणतात बाई."

"याचं हे असं झालं, आणि मी याला माझ्या पोटाचं विचारू?" असं म्हणून ती मागे फिरली. पायरीवर बसली तेव्हा तिच्या ओठांचा रंग उडालेला होता. मी पाणी दिलं. हिला इथेच काही झालं तर मी कुणाला हाक मारू, हा विचार आला आणि मी रिक्षावाल्याला उगाचच ओरडून म्हणाले, "सावकाश चालवा हो जरा!" बिचारा तेव्हा रिक्षा बंद करून विडी ओढत होता.

मग निर्मळला गेलो. तिथलं देऊळ उंचावर, पायऱ्या चढायच्या. आई चार पायऱ्या चढायची आणि थांबायची. "मी उचलू का?" म्हटलं तर डोळे वटारले. वर गेल्यावर दर्शन झालं, आईला देऊळ आवडलंही, पण पुजारी समजुतीने म्हणाले, "आजी, आमच्याकडे कौलाची पद्धत नाही हो. नमस्कार करा, तो पोचतो." आईने नमस्कार केला. मला वाटलं, सुटलो. पण खाली येऊन ती फुलवालीजवळ टेकली आणि तिला सगळं सांगून मोकळी झाली, गाठीसकट. फुलवाली म्हणाली, "आमच्या वाडीच्या मागं जुना म्हादेव हाय. कोन येत नाय तिथं. आमचा म्हातारा पानी घालतो रोज. तो लावील की."

त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहिण्याजोगं नाही.

केळीच्या दोन रांगांमधून एक अरुंद पायवाट जात होती. भरदुपार होती, तरी आत सावली आणि ओल. आई पुढे, मी मागे, कारण ती पडली तर मला दिसायला हवी. देऊळ म्हणजे शेवाळलेल्या काळ्या दगडांची एक ठेंगणी खोली. आत शिरायला कमरेत वाकायचं आणि दोन पायऱ्या खाली उतरायचं. उंबऱ्यावर सापाची कात पडलेली. मी किंचाळले. फुलवालीचे म्हातारबाबा आमच्या मागून आले होते, ते शांतपणे म्हणाले, "कात हाय ती बाई. तो गेला." कुठे गेला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आतमध्ये गार, अंधारलेलं, पिंडीवर एका पितळी गळतीतून थेंब थेंब पाणी. आईने म्हातारबाबांना सगळं नीट शिकवलं. ते म्हणाले, "मी कधी केलं नाय, पन तू सांगतेस तसं करतो." त्यांनी गळती बाजूला घेतली, तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि पिंडीला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आई पिंडीसमोर मांडी घालून बसली आणि शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली.

"महादेवा, मी परक्या गावची. तुझीमाझी ओळख नाय. हे लोक माझ्या पोटाला सुरी लावतायत. जाऊ की नको? जाऊ तर उजवी दे."

तिने डोळे मिटले. बाहेर पाटाचं पाणी भलतीकडे वळल्याचा आवाज आला, तसे बाबा पंप बंद करायला धावले. आत आम्ही दोघी आणि त्या दोन पाकळ्या.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी देव मानणारी नव्हे. कॉलेजात असल्यापासून वाद घालायचे. पाकळीला काय कळतं, ओल सुकेल तशी ती पडणार, हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचीच तर भीती होती. जिथे आधी सुकेल ती आधी पडेल आणि तेवढ्यावर माझी आई मरेल. डावी पडली की ही उठणार, पदर झटकणार, गावाला जाणार. मग तिला जगातला कुठलाही डॉक्टर हात लावू शकणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग डावी हलली. वरची कड सुटली, पाकळी वाकली आणि एका कोपऱ्यावर लोंबकळू लागली. उजवी मख्खासारखी घट्ट चिकटलेली.

मी हात पुढे केला आणि उजवी पाकळी बोटाने उडवली.

ती खाली पडली. हात मागे घेते न घेते तोच डावीही पडली. आईने डोळे उघडले. बाबा पाय धुऊन आत येत होते. "लागला काय?" त्यांनी विचारलं.

आईने पिंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. "लागला," ती म्हणाली. "उजवा. चल बाय, मला भूक लागली."

रिक्षात तिने माझा हात धरला होता. पाण्याची बाटली काढायच्या निमित्ताने मी तो सोडवून घेतला.

ऑपरेशन चौथ्या दिवशी सकाळी होतं. ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मी देव मानत नव्हते ना? मग फसवलं कुणाला? आईला. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं होतं आणि ते खरं मानून ती सुरीखाली जाणार होती. काही बरंवाईट झालं तर ते माझ्या या एका बोटाने केलेलं असणार होतं. दहा वेळा सांगायला तोंड उघडलं. सांगितलं असतं तर ती उठून गावाला गेली असती. तोंड मिटलं.

थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा तिनेच मला धीर दिला. "घाबरू नको गो. देवानं उजवा दिलाय ना?"

दार लागलं. मी बाकड्यावर बसले. हात जरा हलला तरी बांगड्या किणकिणायच्या आणि मी दचकायचे. शेवटी एक एक करून सगळ्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये टाकल्या. नवरा चहा घेऊन आला, त्याला म्हटलं, माझ्याशी बोलू नकोस. साडेतीन तास लागले. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली करून म्हणाले, "निघाली सगळी. उत्तम झालं." मी त्यांच्यासमोरच मोठ्याने रडले. लोक बघत होते, बघू देत.

दोन दिवसांनी आईला जरा हुशारी आली. मी तिला चमच्याने पेज भरवत होते. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"बांगड्या कुठं गेल्या?"

"काढून ठेवल्यात."

"तेव्हा काढायच्या होत्यास," ती म्हणाली. "डोळे मिटले होते माझे, कान नाय."

चमचा माझ्या हातातच राहिला. मी विचारलं, "मग ऑपरेशनला आलीस कशाला?"

"तू आणि देवाच्या अंगाला हात लावलास! म्हटलं, माझी पोर एवढी घाबरली?" तिला धाप लागली, ती थांबली. "मग जायलाच पाहिजे होतं."

"आणि दाराशी ते, देवानं दिलाय म्हणून?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं." तिने डोळे मिटून घेतले. "घाल त्या बांगड्या. मोकळे हात बरे दिसत नायत."

मी रुमाल सोडला. ती ऐकत होती, म्हणून एक एक करून, वाजवत घातल्या.