नेझबीच्या बायका

तेव्हा आम्ही मिल्टन कीन्सला राहत होतो, दोन हजार सहा-सातच्या सुमारास. मुलगी बारा वर्षांची. शाळेत इंग्लंडमधलं सतराव्या शतकातलं यादवी युद्ध शिकवत होते, राजा विरुद्ध पार्लमेंट.

"आई, माझा प्रोजेक्ट नेझबीच्या लढाईवर आहे. जाऊ या ना, एकच तास ड्राइव्ह आहे."

शनिवारी दोघी गेलो. बघायला काय, तर गव्हाची शेतं, मेंढ्या आणि एक दगडी खांब. कुत्र्याला फिरवायला आलेले एक निवृत्त गृहस्थ तिची वही पाहून आपणहून थांबले आणि काठीने दाखवू लागले.

"राजाचं सैन्य त्या टेकाडावर. त्याच्या घोडेस्वारांनी समोरची एक फळी फोडली, पण ते पाठलाग करत लांब गेले. दुसऱ्या बाजूला पार्लमेंटचे स्वार मात्र जिंकल्यावर वळले आणि राजाच्या पायदळावर तुटून पडले. सकाळभरात सगळं संपलं."

"मग एवढी महत्त्वाची का?" मुलीने विचारलं.

"पायदळच उरलं नाही ना. शिवाय सामानात राजाची खासगी पत्रं सापडली. परदेशातून सैन्य आणायचे बेत होते त्यांत. पार्लमेंटने ती छापून लोकांपुढे ठेवली. राजा पुन्हा सावरला नाही. चार वर्षं व्हायच्या आत त्याचं डोकं उडवलं."

ती भराभर लिहीत होती. "आणि बाकीचे? पळून गेले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगू का हिला?"

मी मान डोलावली. कशाला, हे मला ठाऊक नव्हतं.

"राजाच्या सैन्याबरोबर बायका होत्या, शिपायांच्या घरच्या, स्वयंपाकपाणी करणाऱ्या. जिंकलेल्यांनी त्यातल्या शंभरएक जणी मारल्या. बाकीच्यांचे चेहरे चिरले. त्यांना त्या आयरिश वाटल्या, आणि आयरिश कॅथलिकांचा त्यांना भयंकर द्वेष होता. बहुधा वेल्समधल्या, वेल्श बोलणाऱ्या असाव्यात. त्या काय बोलतायत ते शिपायांना कळत नव्हतं."

सकाळपासून त्याच शेतात मी मोठमोठ्याने मराठीत ओरडत होते, चिखलात जाऊ नकोस, जॅकेटची चेन लाव.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "त्या 'नको, नको' म्हणत असतील?"

परतताना वाटेत चहाला थांबलो. तिच्या पुस्तकात ही लढाई अर्ध्या पानात होती, लाल-निळे बाण काढून. बायकांचा उल्लेखही नव्हता.

तिने त्यांच्यावर अख्खं पान लिहिलं. आठवड्याने टीचरनी मला बोलावून घेतलं.

"काम सुंदर झालंय, पण बाकीची मुलं अपसेट होतील. हे एक पान काढता येईल का?"

शाळेत मी कधीच वाद घातला नव्हता. त्या दिवशी माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "होऊ देत ना अपसेट. मीही अजून झोपू शकत नाही नीट."

पान राहिलं. तिने ते वर्गात वाचून दाखवलं. घरी आल्यावर दप्तर न उतरवताच म्हणाली, "एका मुलाने विचारलं, त्यांच्याबरोबर बेबीज होत्या का? मला माहीत नव्हतं."

मलाही नव्हतं.