मदरबोर्डातला डास

कॉम्प्युटर घेताना आतल्या मदरबोर्डचा आवाज बघायचा का, असं कुणी विचारलं की अजून माझं तोंड कडू होतं. वांग्याची भाजी निम्मी संपल्यावर उरलेल्या निम्म्यात अळी दिसावी, तसं. कारण मी बघितला होता. नुसता बघितला नव्हता, तज्ज्ञ माणूस सोबत नेऊन बघितला होता.

मी गावचा नकल्या. रेवसच्या धक्क्यावर तिकीटवाला जसा नाकातून ओरडतो तसं ओरडून मी एकदा अख्खी लाइन सरळ केली होती. मावरं म्हणजे मासळी विकणाऱ्या बाया, शाळेतले पीटीचे सर, शहाळं हातात घेऊन "इसमें पानी है ना भैया?" विचारणारे पाहुणे, सगळे माझ्या गळ्यात राहतात, भाडं न देता. फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचो, लोक हसायचे.

ते ऐकून मुंबईच्या एका डबिंग स्टुडिओतल्या मॅडमचा मेसेज आला. कार्टूनमध्ये एक खेकडा आहे, कोकणातला, भांडकुदळ. करणार का? तीन पानं पाठवते, घरूनच रेकॉर्ड करा, शुक्रवारपर्यंत द्या. आवाज स्वच्छ पाहिजे. आवडला तर पुढचे सगळे भाग तुमचेच.

खेकडा म्हणजे आमच्या घरातलाच माणूस. भरती ओसरली की खाडीत हात घालून लहानपणापासून त्याच्याशी भांडतोय मी. हे काम माझंच होतं. फक्त मला वाटलं, फोनवर करतो ती मजा झाली, कामाला कॉम्प्युटर पाहिजे. साठवलेले पैसे काढले, एक माईक मागवला आणि अलिबागच्या दुकानात गेलो. सोबत मामा.

मामाचा साउंड आहे. हळद असो, साखरपुडा असो, आमच्या चार गावांत स्पीकरचे बॉक्स मामाचेच लागतात. आणि आमच्याकडे साउंड कानानं बघत नाहीत, छातीनं बघतात. छातीत धडधडलं आणि मांडवातली भांडी वाजली की साउंड पास. मी याच मांडवांत वाढलो, मलापण तेच खरं वाटायचं.

दुकानदारानं दोन कॉम्प्युटर चालू करून दाखवले. एकाच्या मदरबोर्डवर जांभळे-निळे लाइट, दुसरा अगदी साधा.

"रेकॉर्डिंग करणार असाल तर हा साधा घ्या," तो म्हणाला. "थोडा महाग आहे, पण याचा ऑडिओ चांगला आहे."

"चांगला म्हंजे? थांब, वाजवून बघू," मामा म्हणाला.

टेम्पोतून त्यानं स्वतःचा बॉक्स आणला. पहिल्या कॉम्प्युटरला लावला, वर चहाचा ग्लास ठेवला, गाणं फुल्ल. चहा थरथरला. मग दुसऱ्याला लावला. चहा तेवढाच थरथरला. मामानं छातीवर हात ठेवून डोळे मिटले, डॉक्टर नाडी बघतो तसे.

"दोन्ही सेम हायत. मग जास्तीचं कशाला देतोस रं? लाइटवाला घे, दिसतो तरी बरा."

"काका, माईक लावूनपण बघा एकदा," दुकानदार म्हणाला.

"माईकमधी काय बघायचा? आपण बोलू तसाच बोलनार ना तो."

दुकानदारानं लाइटवाल्याचं बिल केलं. परत येताना टेम्पोत मी त्याची नक्कल केली, "काका, माईक लावूनपण बघा," आणि मामा स्टिअरिंगवर हात आपटून हसला. मीपण हसलो. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

बुधवारी दुपारी दारं लावली, पंखा बंद केला, घामाच्या धारा लागल्या तरी तिन्ही पानं झोकात केली. मग ऐकलं. खेकडा झकास होता. पण त्याच्या मागे एक डास होता. बारीक, धारदार, टींऽऽ करत. माऊस हलवला की त्याचं टिरटिर व्हायचं, दुसरी विंडो उघडली की किंचाळायचा. खेकडा दम घ्यायला थांबला की हा बोलायचा. एकदा ऐकू आला की मग दुसरं काहीच ऐकू येईना. किळसवाणा आवाज, कानात कुणीतरी ओलं बोट घातल्यासारखा.

वायर बदलली, माईक फिरवला, प्लग बदलला. डास जागचा हलेना, बोर्डातच घर करून बसला होता. इंटरनेटवर विचारलं तर शंभर शहाणे. हल्ली सगळ्या बोर्डांचा आवाज चांगलाच असतो, उगाच पैसे घालवू नका. हे कोण म्हणून बघितलं तर सगळे गाणी ऐकणारे. गाणी माझ्याकडेपण मस्तच वाजत होती, चहा हलवून बघितला होता ना. यातला एकजणसुद्धा त्या बोर्डाला माईक लावून दोन शब्द बोललेला नसणार.

गुरुवारी मामा आला. म्हणाला, अर्थिंगचा लोचा असणार. परसात कंबरभर खड्डा खणला, अर्थिंगची तार पुरली, कोळसा टाकला, मीठ टाकलं. मीठ गोणीनं, आमच्याकडे त्याला काय तोटा. वर बादलीभर पाणी. मी चिखलाच्या पायांनी आत गेलो आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. डास मीठ खाऊन अजून तरतरीत झाला होता.

"ऐक आता," म्हणून मी मामाला लावून दाखवलं.

"साफ हाय की."

"मामा, मागे ऐक. टीं वाजतंय ते."

"कुठं टीं?"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "ते टीं टीं बंद कर आधी, डोकं उठलंय सकाळपासून."

मामानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि आवाज वाढवला. इतका, की मला लांबून तो डास ऐकू येत होता. मामा तिन्ही पानं संपेपर्यंत मान हलवत बसला. मग हेडफोन काढून म्हणाला, "खेकडा एक नंबर. बाकी कायपण न्हाय."

तो थट्टा करत नव्हता. एवढी वर्षं बॉक्सच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला माणूस. त्याच्या कानांतून तो सूर कधीच निघून गेला होता, आणि ते त्याला माहीत नव्हतं. हे कान घेऊन मी दुकानात गेलो होतो. आणि माझे चांगले कान? ते तिथे चहाच्या ग्लासाकडे बघत होते.

शुक्रवारी डास काढायचं एक सॉफ्टवेअर लावलं. डास गेला, पण खेकडा पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागला. तसाच पाठवला. मॅडमचा उलट मेसेज आला, "हे काय आहे? आवाजाला काय झालं?"

शनिवारी सकाळी माझा नेहमीचाच फोन घेतला आणि गोधडीत शिरलो. ती गोधडी सुकटीच्या डब्याशेजारी ठेवलेली असते. आत अंधार, घाम आणि वाळलेल्या बोंबलांचा तो वास, नाकातून थेट पोटात जाणारा. उमासे आवरत तिन्ही पानं केली आणि पाठवली. मॅडमचा फोन आला.

"हा एकदम स्वच्छ आहे. काल का नाही पाठवलात?"

"कॉम्प्युटरवर करत होतो, मॅडम."

"अरेरे. खेकडा काल संध्याकाळी दिला आम्ही. ठाण्याचा एक मुलगा आहे."

"चांगला करतो का?"

"ठीक आहे. शिकेल. त्याचा आवाज स्वच्छ आला होता."

ठाण्याचा. ज्याला खेकडा फक्त ताटात भेटलाय. परवा त्याचा पहिला भाग बघितला, भांडताना तो रिक्षाचं मीटर जास्त पडल्यासारखा भांडतो. पाच मिनिटांत बंद केला.

त्या शनिवारी संध्याकाळी मामा आला. टेकला पण नाही, दारातूनच विचारलं, "काय झाला खेकड्याचा?"

"दिला दुसऱ्याला. त्यांना शहरातला पाहिजे होता."

मामानं स्टुडिओवाल्यांना एक घसघशीत शिवी दिली. मग परसातल्या खड्ड्याकडे बघत म्हणाला, "मीठ कमी पडला असनार. उद्या अजून एक गोण टाकू."

म्हटलं, टाकू.