मी झाड झाले नाही

चाळिशी उलटून पाच-सहा वर्षं झाली आणि माझ्या अंगात भट्टी पेटली. दुसरा शब्द नाही त्याला. आधी छातीत धडधडायचं, मग मानेपासून वर असा जाळ चढायचा की कानाच्या पाळ्या तापायच्या, आणि मग घाम. घाम तरी किती! चोळी पाठीला चिकटायची, कपाळावरचं कुंकू नाकावर उतरायचं. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि मागून हुडहुडी भरायची. रात्री गोधडी लाथाडायची, परत ओढायची, परत लाथाडायची. आमचे कारभारी म्हणायचे, "आता झोपतीस का गोधडीसंगं कुस्ती खेळतीस?"

त्या वर्षी भाताच्या लावणीत सगळ्या बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन वाकलेल्या, आणि मी इरलं बांधावर फेकून पावसात उघड्या डोक्यानं उभी. भिजत होते, हसत होते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला काय त्याचं! अंगाची लाही थांबली होती.

माझं माहेर भोरचं. वडील संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते, म्हणून मी चार बुकं शिकले. लग्न होऊन आले ती राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडच्या एका वाडीत. तिथं माणसं साधी, कष्टाची, पण बाईच्या अंगात काय चाललंय याबद्दल तोंडाला कुलूप. पाळी आली की चार दिवस चुलीला आणि देवाला शिवायचं नाही, शेतात मात्र राबायचं. पाळी जाते कशी, जाताना काय काय होतं, हे कुणी कुणाला सांगायचंच नाही. बाई चिडली तर म्हणायचे बाधा झाली, रडली तर नजर लागली. मी दोन्ही करत होते. कधी एकाच वेळी.

आषाढात पाळी थांबली. श्रावणात नाही, भादव्यात नाही. मला वाटलं सुटले बाई एकदाची.

मग नवरात्र आलं. गावदेवीचं देऊळ म्हणजे ठेंगणं, कौलारू, खिडकीएवढंच दार. आत सगळ्या गावच्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, तेलाचे दिवे, उदाचा धूर, बाहेर ढोल. आत शिरतानाच मला कळलं होतं की आपलं आता काही खरं नाही. आरती सुरू झाली आणि भट्टी पेटली. जीव असा घाबरा झाला की मी पदर टाकला, अंबाडा सोडला, खांबाला धरलं, आणि डोकं गरगरायला लागलं तशी डुलले. झालं! मागून कुणीतरी किंचाळली, "आली गं, आई आली!"

मला ओरडायचं होतं की अगं बयांनो, बाजूला व्हा, वारा येऊ द्या. तोंडातून एवढंच निघालं, "पाणी!" गुरवानं हात जोडले आणि सगळ्या देवळाला सांगितलं, "आई पाणी मागती. औंदा उन्हाळ्यात हिरी आटनार." कुणी कपाळाला भंडारा फासला, कुणी पाया पडली, आणि कुणीतरी अख्खी घागर माझ्या डोक्यावर ओतली. खोटं कशाला बोलू, त्या घागरीनं फार बरं वाटलं. मी डोळे मिटून हुश्श केलं. तर तेही देवीचंच हुश्श ठरलं.

ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. आमच्या घरात एक झाड आधीपासून होतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. केसांची जट कमरेपर्यंत, कपाळभर कुंकू, दर मंगळवारी देवळात पाटावर बसून घुमायच्या आणि लोकांना कौल द्यायच्या. हरवलेली गाय कुठं आहे इथपासून सून नांदेल का इथपर्यंत. त्यांचं वय झालं होतं, गुडघे धरले होते. गावाला काळजी लागली होती की त्यांच्यामागं कोण. आणि देवीनं बघा कशी सोय केली, त्यांच्याच घरात सुनेला धरलं! कारभारी तर छाती काढून चालायला लागले. "तरीच म्हनलं ही यवढी कावती का. देवी आत शिरत व्हती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मनात भीतीही होती. न जाणो, खरंच असेल तर? चार बुकं शिकलेली असले तरी मीही त्याच मातीतली. देवीपुढं मी आजही वाकते, तिच्याशी माझं भांडण नाही.

तर मंगळवार-शुक्रवार मला कडक उपास लागला. मटण-मासळी बंद, केसाला फणी लावायची नाही, तेल नाही, जट धरू द्यायची. डोकं असं खाजायचं की काय सांगू. उपाशीपोटी नाचणी कापायला वाकले की डोळ्यांपुढं काजवे. गुरवानं सांगितलं, मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी परडी द्यायची. परडी म्हणजे वेळूची टोपली, देवीच्या नावानं जोगवा मागायची. ती एकदा हातात घेतली की जन्माची. परत करता येत नाही. मरेपर्यंत उपास, मरेपर्यंत घुमायचं, मरेपर्यंत लोकांच्या गायी शोधायच्या.

दिवाळीला भाऊ न्यायला आला म्हणून वाचले. भोरला थोरल्या बहिणीच्या पडवीत बसले आणि सगळं बोलून टाकलं. ती एवढी हसली, एवढी हसली की मला वाटलं हिच्याही अंगात आलं.

"अगं येडे, देवी कसली? पाळी जायच्या वेळंला असंच होतं. मला दोन वर्षं झाली. आपल्या आईला नव्हतं का झालं? ऐन थंडीत आडावर जाऊन कळशी ओतून घ्यायची, आठवतं?"

"मग सांगितलं का नाहीस मला?" मी कडाडले.

"मला तरी कुणी सांगितलं होतं?"

तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तेल चोपडून गुंता सोडवत बसली. सोडवता सोडवता बजावत होती. उपास बंद. पोटभर खा, रक्त कमी झालंय तुझं, काळजाचा रस्सा खा, नाचणीची आंबील पी. रात्री ओटीवर झोप, वारं लागेल तिथं. दुपारी घटकाभर आडवी हो, कोण काय म्हणतं ते गेलं उडत. आणि पाळी थांबून वरीसभरानं परत अंगावर गेलं तर घरात कुढत बसू नको, सरळ इथल्या दवाखान्यात ये. मी तिच्या मांडीवर ढसाढसा रडले. दुःखानं नाही, रागानं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला गाव सोडून, डोंगर ओलांडून येऊन कळावी!

परत आले ती ठरवून. आत्याबाई अंगणात सुपात नाचणी पाखडत होत्या. मी समोर बसले आणि सरळ म्हणाले, "आत्याबाई, माझ्या अंगात देवी न्हाई. पाळी जायला लागली की असं हुतं."

त्यांनी सूप थांबवलं नाही. "मला ठावं हाय," म्हणाल्या.

मी हात घालून सूप थांबवलं.

"मला बी आसंच झालं व्हतं. आसंच, द्येवळात. चार वर्सांनी जाळ बी थांबला, घाम बी थांबला. म्या न्हाई थांबले."

"म्हंजे आजवर तुमी..."

"तुजा सासरा लई हात टाकायचा माझ्यावर. तू आलीस तवा तो ऱ्हायला नव्हता, तुला ठावं न्हाई. लाकूड म्हनू नगं, बैलाचं पैनं म्हनू नगं, घावंल त्यानं हाणायचा. झाड झाले आन् त्या दिसापास्नं त्याचा हात वर गेला न्हाई. देवीला कोन मारतंय? तवापास्नं माजं ताट पयलं वाढत्यात, माझ्या पुढं कुनी आवाज चढवत न्हाई. ह्यो मान म्या कुनालाबी दिला नसता. तुला देतीया. घे गप."

बाई गं! मी त्यांना खडसवायला बसले होते. राग कुठल्या कुठं गेला. त्या मला फसवत नव्हत्या, त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं मला देऊन टाकत होत्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला मान नको. मला झोप पायजे आन् जेवान पायजे. त्येबी देवी म्हनून न्हाई. मी हाय म्हनून."

"आसं मिळत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

परडीचा मंगळवार आला, आणि आदल्या दिवशी माझी पाळी पुन्हा आली. चार-पाच महिन्यांचं सगळं एकदम म्हणावं अशी. पोटऱ्या लटलटत होत्या. मी आत्याबाईंना सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. "कुनाला बोलू नगंस. फडकी घट बांद. परडी घे आन् घरी ये. इटाळाचं कळलं तर गाव आपल्याला जित्तं ठेवायचं न्हाई."

म्हणजे बघा. देवीच्या पाटावर मी रक्ताळलेली, उपाशी बसायचं, आणि मरेपर्यंत तसंच खोटं बसत राहायचं. देवळाच्या वाटेवर माझ्या मनात हेच घोळत होतं. आज गप्प बसले तर कायमची गप्प बसले.

गाव जमलं होतं. पुरुष बाहेर मंडपात, बाया आत-बाहेर. एका पाटावर आत्याबाई, केस मोकळे सोडून बसलेल्या. शेजारचा पाट माझा. गुरवानं परडी पुढं केली, ढोल वाजायला लागले.

"मी बसनार न्हाई," मी म्हणाले.

ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्यानं. "थांबवा ते ढोल! मी बसनार न्हाई. माझी पाळी आलीया."

ढोल थांबले. बापय माणसांच्या समोर हा शब्द त्या गावात कधी कुणी उच्चारला नसेल. कारभाऱ्यांनी मान खाली घातली. कुणीतरी म्हणालं, हिला येड लागलं. मी म्हटलं, "येड न्हाई लागलं. पाळी जायला लागली की बाईच्या अंगाचा जाळ हुतो, घाम फुटतो, झोप उडते, रडू येतं. ती देवी न्हवं, ते वय हाय. तुमच्या आयांना झालंय, तुमच्या बायकांना हुनार हाय. हितं बसलेल्या कितीजणींना झालंय, त्या खाली बघत्यात ते काय उगाच? मला उपाशी ठिवून देवी पावायची न्हाई!"

एकही बाई माझ्या बाजूला आली नाही. खरंच सगळ्या खाली बघत होत्या. तेव्हा मात्र मी आतून टरकले. गुरव म्हणाला, "देवीचा अपमान झाला. हिला पदरात घ्यायची का गावाभाईर काढायची, आईच सांगंल." आणि त्यानं आत्याबाईंच्या पुढं नारळ ठेवला.

सगळं गाव त्यांच्याकडं बघायला लागलं. आत्याबाई घुमायला लागल्या. जट भिरभिरली, घशातून तो ओळखीचा जाड आवाज निघाला, "हिला... घरी न्या रं... हिच्या पोटाला घाला... देवी सांगती..."

बाया पाया पडायला वाकल्या. मी सुटले होते. गप्प घरी जायचं, पोटभर खायचं, एवढंच राहिलं होतं. पण माझ्यानं राहवेना. देवीनं सांगितलं म्हणून मला घास मिळणार, आणि पुढच्या बाईला? तिच्यासाठी कोण घुमणार? मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. झाडाला असं धरत नाहीत. मागून लोक ओरडले.

"आत्याबाई, देवीला राहू द्या. तुमी सांगा."

त्या घुमायच्या थांबल्या. डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग बाहेर मंडपाकडं, जिथं त्यांच्यापुढं आवाज न चढवणारी सगळी माणसं उभी होती. मोकळी जट दोन्ही हातांनी मागं सारून बांधली. गुरव हलक्या आवाजात म्हणाला, "आई, बोल."

"म्या आई न्हाई," त्या म्हणाल्या. रोज चुलीपाशी बोलायच्या तोच आवाज, बारीक, जरा घोगरा. "म्या हिची सासू बोलतीया. मला बी ह्येच झालं व्हतं. हिला जेवू घाला."