सोनाक्काची हाळी

सोनाक्काची हाळी कशी होती ते आमच्या गावात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. गारगोटी रोडच्या फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही अंगाला ऊस आणि मधून गाडीवाट. त्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाणाऱ्या बायकांची पुढारी म्हणजे सोनाक्का. भाकरीची वेळ झाली की एकेकीचं नाव घेत बसायची नाही. बांधावर चढायची, एक हात कानावर ठेवायची आणि सोडायची, "ओऽऽ हुऽऽ!" ओढ्यापलीकडची म्हैस चरायची थांबून मान वर करायची.

ह्याला आम्ही हाळी म्हणतो. हाळी कानावर आली की ऐकणाऱ्यानं ओ द्यायची. लागोपाठ दुसरी आली, तर हातातलं टाकून पळत सुटायचं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

सोनाक्का नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. गवताचा भारा घेऊन एकटी येताना उसातनं एक गडी आडवा आला. तिनं भारा त्याच्या पायावर टाकला आणि दोन हाळ्या दिल्या. चारी बाजूंनी ऊस सळसळायला लागला. बायका खुरपी घेऊन आल्या. विहिरीवर मोट हाकणारा तरणाताठा आप्पा धोतराचा काचा मारून, हातात चाबूक घेऊन आला. गडी पळाला, पण त्याचं एक पायताण चिखलात रुतून राहिलं. बायकांनी ते वाटेवरच्या बाभळीला टांगलं. पुढं गावातली एक असामी लई दिवस अनवाणी फिरत होती. कुणी कारण विचारलं नाही. सगळी नुसती पायाकडं बघायची.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी पळत आलेल्यांतल्या काहींच्या दारात सोनाक्काला पाणी वरनंच ओतून मिळायचं. ते पुढं फार वर्षांनी सुटलं. पण हाळीला ती माणसं पळत आलती, हेही तेवढंच खरं.

आता सोनाक्काची नात संघप्रिया शहरात, शाहूपुरीत एका दुकानात हिशेबाचं काम करते. बी.कॉम. झाली आणि स्वतःच्या जोरावर चिकटली. संध्याकाळची एस.टी. तिला फाट्यावर सोडते, तिथनं पुढं चालत. मध्यंतरी एक मोटरसायकल दिवा बंद करून तिच्या मागनं हळूहळू येत राहिली. पोरगी घरात काही बोलली नाही. मैत्रिणीकडनं तिखटाच्या फवाऱ्याची एक लहान बाटली मागवली आणि पिशवीच्या तळाला ठेवली.

ती सापडली तिच्या बापाला. जयसिंग चार्जर हुडकत होता. बाटली हातात आली, वासाची असेल म्हणून त्यानं नाकाजवळ धरून दाबली.

मी शेजारचा. बोंब ऐकून गेलो तर जयसिंग हौदावर डोळ्यांवर पाणी मारतोय, गोठ्यात म्हैस शिंकतीय, आणि सोनाक्का पदर तोंडावर धरून बसलीय.

"काय घिऊन फिरालीस गं ह्ये?"

"पेपर स्प्रे हाय पप्पा. कुणी आंगावर आलं तर डोळ्यात मारायचा."

"मारलास की! बापाच्याच!"

"तुमीच मारून घेतलासा."

मला हसू आलं, पण जयसिंगचा पारा चढलेला. "लायसन न्हाय, काय न्हाय, कुणालाबी इकत्यात. आज पोरीच्या पिशवीत, उद्या गुंडाच्या खिशात. सरकारनं बंदच कराय पायजे."

"गुंडाला बाटली कशाला लागती? त्याला उसाची वाट मोकळी हाय की."

"मग वाट नको आन् बाटलीबी नको! पैल्या तारखंपास्नं नोकरी बंद. घरात बस."

संघप्रिया आजीकडं बघायला लागली. म्हातारी आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं असणार. पण सोनाक्का म्हणाली, "जयसिंगाचं बरोबर हाय. आमी काय बाटल्या घिऊन भांगलाय गेलतो? हाळी द्यायची. गाव मेलंय व्हय?"

"मग दे की आज्जी," पोरगी म्हणाली. "माझ्या वाटंवर चल आन् दे. कुणी पळत आलं तर बाटली वड्यात टाकतो, नोकरीबी सोडतो. न्हाय आलं तर दोनीबी ऱ्हाणार." आमच्याकडं पोरीही 'टाकतो, सोडतो' असंच बोलतात. त्यात काही कमीपणा नाही.

"चल," सोनाक्का उठली. "वड्याला पाणी हाय नव्हं, बाटली टाकाय?"

दिवस मावळताना आम्ही चौघं वाटेच्या मध्यावर गेलो. सोनाक्का गुडघ्यावर हात देत बांधावर चढली. हात कानावर गेला. "ओऽऽ हुऽऽ!" आवाज थकलेला होता, पण फाटला नव्हता. उसातले बगळे उडाले. माझे पाय आपोआप पळायला निघालते.

मोटरपंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. दोन पोरं गाडीवरनं आली, कानात गाण्याची बोंडं घातलेली. एकानं हात वर करून नमस्कार केला आणि पोरं पुढं गेली.

सोनाक्कानं दुसरी हाळी दिली. तेवढ्यात जयसिंगच्या खिशातला फोन वाजला. त्यानं ऐकलं, "न्हाय, न्हाय" म्हणाला आणि ठेवला.

"कोण रं?" सोनाक्का.

"पलीकडच्या रानातनं बाळासो. इचारालाय, तुझी आई वरडालीया, म्हस सुटली काय?"

"आन् तेवढ्यासाठी फोन केला? हितं यायला काय झालतं त्याला?"

कानावरचा हात तिनं हळूच खाली घेतला. बांधावरच बसली. आम्ही पण बसलो. अंधार पडत चालला.

मग काठीचा ठक ठक आवाज आला. आप्पा! ऐंशीला टेकलेला, धापा टाकत, आम्हाला बघताच काठी उगारलेली, एक पायताण वाटेत कुठंतरी पडलेलं. "कुटं हाय त्यो? कुणाला धरलासा?"

"कुणाला न्हाय, बस खाली," सोनाक्का म्हणाली. त्याच्या अनवाणी पायाकडं बघून ती हसायला लागली.

संघप्रियानं आपण होऊन बाटली काढली. "आप्पा आज्जा आला. मी बोलल्यालं मोडत न्हाय."

"ठिव ती," सोनाक्का खेकसली. "पळत आलं तर, म्हणालतीस. ह्यो चालत आलाय." मग जयसिंगकडं वळली. "पोरगी कामाला जाणार. हाळीला ओ द्यायची तुमच्यानं हुईना, मग तिच्या हातातलं तरी काढून घिऊ नगासा."

"आन् वारं उलटं असलं म्हंजे? माझ्यावानी तिच्याच डोळ्यात," जयसिंग पुटपुटला.

"तर मी हायच की," आप्पा म्हणाला.

"तू यीस्तवर वारं फिरंल, मर्दा!"

जयसिंगसुद्धा हसला. उठताना सोनाक्कानं नातीची पिशवी ओढून घेतली, तळातली बाटली काढली आणि बाहेरच्या पट्ट्याला अडकवली. "खुरपं कमरंला खवत्यात. पाटीच्या बुडात ठिवून काय उपेग?"

सकाळी संघप्रिया पहिली एस.टी. धरायला फाट्याकडं निघाली. मी परड्यातनं बघत होतो. पिशवीच्या पट्ट्याला बाटली लोंबत होती, आणि तिच्या पुढं आप्पा वाटेत खाली वाकून, काठीनं चिखल उकरत, आपलं पायताण हुडकत होता.