आमच्या बॅचचा फोटो

माझी डिग्री ओट्यावरची आहे, असं आमच्या घरात कौतुकाने म्हणतात. कौतुकाने म्हणे! नवऱ्याची मात्र कॉलेजची. आता कॉलेज दोघांचं एकच, डब्लिनमधलं. फरक एवढाच की त्याने लग्नाआधी तिथे जाऊन एमएस केलं, आणि मी २०२० मध्ये ॲडमिशन घेतली तेव्हा सगळ्या देशाला कुलूप लागलेलं होतं.

डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टच्या आमच्या घरात वरची खोली त्याच्या ऑफिसला गेली, हॉल लेकीच्या शाळेला, आणि उरलं स्वयंपाकघर, ते मला. ओट्यावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. माझं प्रेझेंटेशन चालू असताना शिट्टी झाली की प्रोफेसरबाई घाबरून विचारायच्या, सगळं ठीक आहे ना? सगळं ठीकच होतं. मी डाळ शिजवत पास होत होते. वर्षभरात कॉलेजच्या फाटकातून एकदाही आत गेले नाही, आणि डिग्री पोस्टाने आली.

बायको म्हणून मात्र मी त्या फाटकातून कितीदा गेले होते. दरवर्षी थंडी पडायला लागली की तिथे जुन्या विद्यार्थ्यांची संध्याकाळ असते, सहकुटुंब. बर्गर, बँड, पोरांचे चेहरे रंगवणं, आणि शेवटी मुख्य इमारतीच्या रुंद पायऱ्यांवर बॅचचे फोटो. माइकवरून वर्ष पुकारतात, त्या वर्षाचे लोक ओरडत वर चढतात. बाकीच्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मी वाजवल्या आहेत. हात लाल होईपर्यंत वाजवल्या आहेत.

२०२० मध्ये ते सगळं रद्द झालं. २०२१ मध्ये पुन्हा ठरलं आणि या वेळी आमच्या घरी दोन आमंत्रणं आली. एक त्याला, एक मला! मी लगेच आमच्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं, कोण कोण येतंय? सँट्रीला राहणाऱ्या मैत्रिणीच्या बाळाला ताप होता. दूर शॅनन गावातल्या कारखान्यात असलेल्याला शिफ्ट होती. एक जण नागपूरला परत गेला होता, आणि काहींनी तर आयर्लंडमध्ये पाऊलच न ठेवता कोर्स संपवला होता. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मजा कर म्हणाले.

"अगं, मग फोटोच्या भानगडीत पडू नकोस," नवरा म्हणाला. "एकटी काय उभी राहणार? उगाच हसं होईल. आमच्या बॅचमध्ये ये, माझ्या शेजारी. कोण बघतंय?"

"तुझ्या बॅचमध्ये का? मी काय नापास झाले?"

ट्राममध्ये तो सगळा वेळ लेकीशीच बोलत होता. वाईट माणूस नाही हो तो, फक्त माझी लाज आधीपासूनच झाकायला बसलेला.

कॉलेजच्या दारात लसीचं सर्टिफिकेट दाखवलं. टेबलावरच्या मुलीने त्याला माजी विद्यार्थ्याचा बिल्ला दिला आणि माझ्या हातात हसत हसत पाहुण्यांचा ठेवला. मी तो तिथेच परत ठेवला आणि म्हटलं, यादीत बघ, माझंही नाव आहे. होतंच. ती बिचारी चार वेळा सॉरी म्हणाली. आईने पाठवलेल्या जांभळ्या साडीवर मी जाडजूड कोट चढवला होता, त्यावर बिल्ला लावला. वाकडा लागला, तसाच राहू दिला.

मग पायऱ्या. माइकवर एकेक वर्ष पुढे सरकत होतं. नवऱ्याची बॅच आली, सगळे टकले आणि पोट सुटलेले, पण ओरडले काय! मी आणि लेकीने मनापासून टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटी आमचं वर्ष पुकारलं.

कोणी हललं नाही. माइकवरच्या माणसाने पुन्हा पुकारलं. सगळी गर्दी इकडेतिकडे बघायला लागली. क्षणभर वाटलं, नको, जाऊ दे, मरू दे तो फोटो. आणि मग माझं डोकंच फिरलं. का जाऊ दे? रात्री सगळे झोपल्यावर अभ्यास मी केला, परीक्षा मी दिली. साडी सावरली आणि चढले.

"बाकीच्यांसाठी थांबू या का?" फोटोग्राफरने विचारलं.

"बाकीचे येणार नाहीत. घ्या."

तेवढ्यात नवरा धावत आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. त्याचा हेतू चांगला होता, मला ठाऊक आहे. मी तोंड उघडायच्या आत खालून आमची नऊ वर्षांची लेक खणखणीत आवाजात ओरडली, "बाबा, गेट डाउन! दॅट्स मम्ज क्लास!"

लोक हसले. तो कानापर्यंत लाल झाला आणि उतरला.

फोटोग्राफर भला माणूस होता. दोन पावलं पुढे येत हलक्या आवाजात म्हणाला, "मी जवळून घेतो, म्हणजे मागचं रिकामं दिसणार नाही."

"नको," मी म्हटलं. "मागे जा. सगळ्या पायऱ्या येऊ देत."