पाच महिने न धावलेला घोडा

वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात महागाईचा निर्देशांक काढणाऱ्या विभागात होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. समोरच्या प्लॉटांवर तेव्हा नुसते विटांचे ढीग होते. पहिले चार महिने वडील बाल्कनीत बसून राहिले. पेपर वाचून झाला की घडी घालायचे आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा उघडायचे. दाढी दोन-तीन दिवसांनी करायचे.

मी दिल्लीतल्या एका सायंदैनिकात क्रीडा पानावर होते. रेसच्या अंदाजाचा कॉलम दुसऱ्या कुणाला नको होता, म्हणून माझ्याकडे आला. मी घोड्यांच्या नोंदी घरी आणल्या. वडिलांनी त्या मागून घेतल्या आणि तक्ता आखला. मागच्या तीन शर्यतींना शंभरपैकी चाळीस, पाठीवरच्या वजनाला वीस, अंतराला पंधरा, जॉकीला पंधरा, ट्रेनरला दहा. त्यानुसार प्रत्येक घोड्याला गुण. पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. पण आठ वाजता दाढी करून टेबलाशी बसू लागले.

"जन्मभर वांग्यांचे भाव लिहिले, आता घोडे," आई म्हणाली. "अहो, निदान शेजाऱ्यांना सांगू नका."

"वांगी पळत नव्हती," वडील म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात संपादकांनी मला बोलावलं. "मॅडम, बिल्डरवाले जगह माँग रहे हैं. इस हफ्ते पाँच में से तीन घोड़े आ गए तो ठीक, वरना कॉलम बंद." मी घरी तसंच सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि त्या आठवड्याचा तक्ता दोनदा तपासला.

पाचव्या शर्यतीत त्यांनी पहिला ठेवलेला घोडा पाच महिने धावलाच नव्हता.

"बाबा, याच्या नोंदी जुन्या आहेत," मी म्हणाले.

"अगं, दुकान बंद होतं म्हणून रकाना मोकळा सोडत नाहीत. मागचा भाव धरतात. आमच्याकडे तीच पद्धत होती."

त्याच्या आधीच्या तीन शर्यतींत तो दोनदा पहिला, एकदा दुसरा आला होता. चाळीसपैकी जवळजवळ सगळे गुण त्याला मिळाले होते.

त्याच दिवशी सकाळी मी सराव पाहायला रेसकोर्सवर गेले होते. त्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाला पट्टी बांधलेली होती आणि त्याला नुसतं चालवत होते. मी हे वडिलांना सांगितलं नाही. तक्ता शाईने लिहून झाला होता. का सांगितलं नाही, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. अंदाज मी तसाच छापायला दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या चार शर्यतींत आमचे दोन घोडे जिंकले. पाचव्या शर्यतीत तो घोडा शेवटचा आला. त्या जागी पुढच्या आठवड्यापासून फ्लॅटची जाहिरात येईल, असं संपादकांनी मला त्याच दुपारी सांगितलं.

घरी येऊन मी वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"त्या शर्यतीत किती घोडे धावले?" त्यांनी विचारलं.

"आठ."

त्यांनी त्या घोड्याच्या ओळीत आठ लिहिलं.

"त्याचा पाय दुखावलेला होता, बाबा. मी पाहिलं होतं."

"कधी?"

"काल सकाळी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग नोंदीत यायला हवं होतं ते," म्हणाले. आवाज चढला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

कॉलम बंद झाला आहे, हे मी पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी "हो" म्हटलं. मग नवा कागद घेऊन त्यांनी सहावा रकाना आखला आणि वर लिहिलं : प्रकृती. त्याला पंधरा गुण द्यायचं ठरवलं. बेरीज शंभरावर जाणार होती, म्हणून ते बाकीच्या पाचांमधून थोडे थोडे कमी करत बसले. आईने पानं घेतल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचे अजून चार गुण जास्त होत होते.