आमटीत एचआयव्हीची गिरणी चालत नाही

गिरण्यांचा संप फसल्यापासून डिलाईल रोडवर पंधरा माणसांची खानावळ चालवणाऱ्या शेवंतामावशींवर अन्याय झाला, तो गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता. पंधरा ताटं मांडली होती, जेवायला कुणीच आलं नाही. त्यांना एचआयव्ही आहे, हे चाळीत फुटलं होतं.

मी त्याच चाळीतली, परळच्या लॅबमध्ये नोकरीला. आपल्या पेशीतली प्रोटीन्स या विषाणूचे जीन कधी चालू करतात, कधी बंद ठेवतात, हे तपासणं माझं काम. मावशींनी मलाच गाठलं.

"पोरी, गाळ्यात येऊन सांग त्यांना. नायतर चूल बंद करून गावाक जावचा लागतला."

गाळा म्हणजे गावकऱ्यांची सामायिक खोली. मी तणतणतच गेले, चार्ट टांगला, ट्रान्सक्रिप्शन, प्रमोटर, सगळं सुनावलं. पंधराही बाप्ये पंख्याकडे बघत बसले.

शेवटी तात्या बोलले. मागांवर देखरेख करणारे जुने जॉबर. "बाय, भाषण पुरे. ह्या विषाणूकडे स्वतःचे माग किती?"

"एकही नाही."

"कामगार?"

"तेही आपलेच. हा नुसतं डिझाइन घेऊन जिवंत पेशीत शिरतो आणि ते पेशीच्या जीन्समध्ये खोवून ठेवतो. विणतात आपली प्रोटीन्स. ती कामावर नसली, तर वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो."

"म्हणजे संप!"

"हो. पेशी जागी झाली की प्रोटीन्स कामावर. मग विषाणूचंच एक प्रोटीन आपल्या पेशीतली आणखी प्रोटीन्स ओढून आणतं आणि काम जोरात चालतं."

"दलाल साला!" मागून कुणीतरी ओरडलं. गाळा हसला.

"आणि आमटीत?" तात्यांनी विचारलं.

"शिजल्या आमटीत कुठली जिवंत पेशी? तो रक्तातून जातो, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. ताटातून नाही."

तात्या उठले. "शेवंता, उद्या माझं ताट मांड. मीठ बेतानं घाल, परवा खारट होती."

दारातून मावशी कडाडल्या, "खारट होती तर तीनदा कशाला मागितलीस?"

दुसऱ्या दिवशी चौदा जण जेवले. पंधरावा आठवड्यानं आला, तोही उपाशी राहून कंटाळून. मी चार्ट कपाटावर टाकला. आता कुठलंही भाषण आधी जॉबरला ऐकवते.

तुमच्याही घरात कुणाचा तरी कप वेगळा ठेवलेला असेल. आज तो बाकीच्या कपांत मिसळा, आणि त्या माणसाशेजारी बसून चहा प्या.